वर्गणीकडून समाजनिधीकडे: कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे काय आणि आपल्या वस्त्यांना त्याची गरज का आहे?

मार्च संपत आला की वस्तीत पावती पुस्तके फिरू लागतात. रिक्षा चालवणारा शंभर रुपये देतो, धुणीभांडी करणारी ताई पन्नास देते, नोकरीला लागलेला मुलगा हजाराची पावती फाडतो. भीमजयंतीला वर्गणी मागितली आणि आपल्या माणसाने नाही म्हटले, असे क्वचितच घडते. मे महिन्यात हिशोब होतो. मंडप, स्पीकर, मिरवणूक, भोजनदान, पाहुण्यांचे मानधन वजा जाता शिल्लक शून्य असते किंवा कुणाचे तरी देणे बाकी असते.

जूनमध्ये त्याच वस्तीतल्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळतो. शिष्यवृत्ती मंजूर होईल, पण पैसे खात्यावर यायला वेळ लागतो आणि कॉलेज तेवढे थांबायला तयार नसते. मग पुन्हा चार कार्यकर्ते फोन फिरवतात, पुन्हा वर्गणी निघते. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलासाठी हेच सगळे पहिल्यापासून.

जयंती हा आपल्या अस्मितेचा उत्सव आहे. त्यावर टीका करण्याचा या लेखाचा हेतू नाही. मुद्दा वेगळा आहे. आपल्या समाजात देण्याची वृत्ती कमी नाही. दिलेले टिकवून ठेवणारी, त्याचा निर्णय सर्वांसमोर करणारी आणि त्याचा जाब देणारी स्थानिक व्यवस्था मात्र कमी आहे. जगात अशा व्यवस्थेचा एक प्रकार शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे. त्याला कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात. मराठीत आपण त्याला समाजनिधी म्हणू.

समाजनिधी म्हणजे नेमके काय?

एखादे शहर, तालुका किंवा जिल्हा अशा ठरावीक भागातील अनेक लोकांनी दिलेला पैसा एका ठिकाणी कायमस्वरूपी जमा करायचा, स्थानिक लोकांच्या प्रतिनिधी मंडळाने तो सांभाळायचा आणि त्याच भागाच्या बदलत्या गरजांसाठी वापरायचा, अशी ही रचना आहे. तिची पाच लक्षणे सांगता येतील.

१. क्षेत्र ठरलेले असते. "संपूर्ण समाजासाठी" असे न म्हणता "या तालुक्यासाठी" असे म्हटले जाते.
२. देणगीदार अनेक असतात. एका शेठजीच्या किंवा एका कंपनीच्या पैशावर ती उभी नसते.
३. काही रक्कम मूळ निधी म्हणून राखली जाते. तिला हात लावायचा नसतो, फक्त तिचे उत्पन्न वापरायचे असते.
४. निर्णय घेणारे मंडळ स्थानिक असते आणि ठरावीक मुदतीने बदलते.
५. उद्देश व्यापक असतो. आज शिक्षण, उद्या आरोग्य, पूर आला तर मदत.

हे काम इतर संस्थांपेक्षा वेगळे कसे? एनजीओ बहुधा प्रकल्प स्वतः राबवते आणि प्रकल्पाचा पैसा संपला की काम थांबते. खासगी फाउंडेशन एका घराण्याचे किंवा उद्योगाचे असते आणि निर्णय त्यांचाच असतो. भिशी, बचत गट आणि पतसंस्था सभासदाचा पैसा सभासदालाच परत देतात. जयंती मंडळ एका दिवसासाठी पैसा गोळा करते. समाजनिधीत देणाऱ्याला पैसा परत मिळत नाही, पण तो कुठे जावा या चर्चेत त्याला जागा मिळते.

सुरुवात: क्लीव्हलँड, १९१४

अमेरिकेतील पहिले कम्युनिटी फाउंडेशन २ जानेवारी १९१४ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात स्थापन झाले. संस्थापक फ्रेडरिक गॉफ हे क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी या बँकेचे अध्यक्ष होते. मृत्यूपत्रांचे काम करताना त्यांना एक अडचण दिसत होती. श्रीमंत माणूस मरताना एखाद्या ठरावीक कामासाठी पैसा ठेवून जातो. पन्नास वर्षांनी त्या कामाची गरज संपते, पण मृत्यूपत्राच्या शब्दांमुळे पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. सेंट लुईसचे एक माजी महापौर ब्रायन मुलनफी १८५१ मध्ये वारले. त्यांनी आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या मदतीसाठी ठेवला होता. पुढे रेल्वे आली, बैलगाड्यांचे तांडे थांबले, पैसा मात्र तसाच पडून राहिला.

गॉफ यांनी काढलेला मार्ग साधा होता. देणग्या एकत्र करायच्या, गुंतवणूक बँकेने सांभाळायची, पण खर्चाचा निर्णय पाच जणांच्या वेगळ्या समितीने घ्यायचा. यातले दोन सदस्य बँक नेमणार होती. उरलेले तीन शहराचे महापौर आणि दोन न्यायाधीश नेमणार होते. म्हणजे पैसा ज्याच्या हातात आहे, त्याच्या हातात निर्णयाचे बहुमत नव्हते. आपल्या ट्रस्टांकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सुरुवातीला या फाउंडेशनकडे वाटायला पैसाच नव्हता, कारण देणगीदारांच्या मृत्यूनंतर तो येणार होता. तरीही त्यांनी काम सुरू केले आणि पहिल्या काळातले हे काम म्हणजे शहराची पाहणी. गॉफ दांपत्याने त्यासाठी स्वतःचे पैसे घातले. १९१५-१६ मध्ये शहरातील शाळांची पाहणी झाली आणि तिचा अहवाल २५ खंडांत निघाला. पुढे शहरातील एका न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशच खुनाच्या प्रकरणात अडकले, तेव्हा फाउंडेशनने रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या कायदेतज्ज्ञांकडून पोलिस, सरकारी वकील, तुरुंग आणि न्यायालये यांची तपासणी करून घेतली. १९२२ मध्ये तो अहवाल पुस्तकरूपाने आला. धान्य किंवा कपडे वाटण्याच्या आधी आपल्या शहरात काय बिघडले आहे हे पुराव्यानिशी मांडणे, हे या संस्थेने आपले काम मानले.

या नमुन्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतील अनेक कम्युनिटी फाउंडेशन दीर्घकाळ शहरातील श्रीमंत गोऱ्यांच्या हातात राहिली. ज्या वस्त्यांसाठी पैसा खर्च होत होता, त्या वस्त्यांतील माणसे निर्णयाच्या टेबलावर नव्हती. आजही मोठ्या देणगीदारांच्या नावाचे निधी तिथे वर्षानुवर्षे न वाटता पडून राहतात, अशी टीका होते. म्हणून हा नमुना जसाच्या तसा उचलायचा नाही.

बांबूच्या नळीतले पैसे

गरिबांच्या पैशातून संस्था उभी राहू शकते का, या प्रश्नाचे उत्तर एका बौद्ध देशबांधवांच्या समूहाने नव्हे, तर एका भिक्षुणीने आणि तिच्याभोवती जमलेल्या गृहिणींनी दिले. १९६६ मध्ये तैवानमधील हुआलिएन या मागास भागात भिक्षुणी चेंग येन यांनी 'त्झू ची' संस्था सुरू केली. तीस गृहिणींनी बाजाराच्या पैशातून रोज अर्धा तैवानी डॉलर वाचवून बांबूच्या नळीत टाकायचा, असे ठरले. महिन्याचे पंधरा डॉलर एकदम का घेत नाही, असे विचारले गेले. चेंग येन यांचे म्हणणे असे की रोज टाकले तर रोज दुसऱ्याचा विचार मनात येईल. त्याच प्रयत्नातून १९८६ मध्ये हुआलिएनमध्ये रुग्णालय उभे राहिले आणि पुढे ही संस्था अनेक देशांत आपत्तीग्रस्तांसाठी काम करू लागली.

त्झू ची काटेकोर अर्थाने कम्युनिटी फाउंडेशन नाही. ती भिक्षुणीच्या नेतृत्वाखालची धर्मादाय संस्था आहे. पण छोटी, नियमित रक्कम ही मोठ्या, अधूनमधून मिळणाऱ्या देणगीपेक्षा संस्था बांधायला अधिक उपयोगी पडते, हे तिने दाखवले.

ही कल्पना आपल्याला परकी नाही

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात घालण्यासाठी आणि चौथा भाग संकटासाठी राखून ठेवण्यासाठी. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या गणाची भरभराट का होईल याची कारणे येतात, त्यांत वारंवार एकत्र जमणे आणि एकोप्याने निर्णय घेणे ही पहिली आहेत. राखीव निधी आणि नियमित सभा या दोन्ही गोष्टी धम्माला नव्या नाहीत.

बाबासाहेबांच्या चळवळीत तर निधी आणि संस्था हातात हात घालून चालतात. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. वसतिगृहे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढणे हे तिच्या उद्दिष्टांत होते. १९२५ मध्ये सोलापुरात तिचे वसतिगृह सुरू झाले. १९४४ मध्ये मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात. भाषण करून बाबासाहेब थांबले नाहीत. प्रत्येक टप्प्यावर त्यांनी कायदेशीर, नोंदणीकृत संस्था उभी केली.

धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी धम्मकार्यासाठी कमाईचा विसावा भाग देण्याची अपेक्षा व्यक्त केली. विसावा भाग म्हणजे पाच टक्के. महिना तीस हजार मिळवणाऱ्यासाठी दीड हजार रुपये. पुढे १९७८ मध्ये बामसेफने सरकारी नोकरदारांसमोर समाजाचे ऋण फेडण्याचा विचार मांडला. 'पे बॅक टू सोसायटी' हे शब्द आज आपल्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येतात.

प्रश्न इतकाच की ऋण फेडायला निघालेला तरुण आज पैसे देणार कुठे? विश्वासाचा, जवळचा, हिशोब देणारा पत्ता त्याच्याकडे असतो का? अनेकांकडे तो नसतो. म्हणून तो ओळखीच्या एखाद्या मुलाची फी भरतो आणि थांबतो. हे चांगलेच आहे. पण ज्या मुलाची कुणाशी ओळख नाही, तो राहून जातो.

भारतातील प्रयत्न आणि बाहेरच्या पैशाची मर्यादा

मुंबईत १९९१ मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट स्थापन झाला. भारतातील कम्युनिटी फाउंडेशनचा तो सुरुवातीचा प्रयोग मानला जातो. २००३ मध्ये दिल्लीत दलित फाउंडेशन सुरू झाले. दलितांमध्ये काम करणाऱ्या व्यक्तींना आणि छोट्या संस्थांना अनुदान व फेलोशिप देणे हे त्याचे काम. ब्रिटनमध्ये १९८० पासून करुणा ट्रस्टचे स्वयंसेवक घरोघरी जाऊन देणग्या मिळवतात. त्यातून महाराष्ट्रात बहुजन हिताय सारख्या संस्थांची वसतिगृहे आणि वस्त्यांमधील कामे चालली. परदेशातले लोक दारोदार फिरून आपल्या मुलांसाठी पैसा जमवतात, याबद्दल कृतज्ञता हवीच. पण चार दशकांनंतर आपण आपल्याच दारांवर त्याच शिस्तीने का जात नाही, हेही स्वतःला विचारायला हवे.

आता तर हा प्रश्न टाळता येणार नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, २०२० मध्ये बदल झाला. परदेशी निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. खाते दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच उघडावे लागते. मोठ्या संस्थेकडून थोडे अनुदान घेऊन वस्तीत काम करणाऱ्या छोट्या गटांची वाट यामुळे बंद झाली. कंपन्यांचा सीएसआर निधी मोठ्या, नोंदी व्यवस्थित असलेल्या संस्थांकडे जातो, आणि अत्याचाराच्या प्रकरणात किंवा जमिनीच्या लढ्यात उभ्या राहणाऱ्या गटाला तो मिळण्याची शक्यता फार कमी. ज्यांचा पैसा, त्यांचा विषय. आपले विषय आपणच ठरवायचे असतील, तर काही पैसा आपलाच असावा लागतो.

पैशापलीकडचे काम

समाजनिधीने सरकारची जागा घ्यायची नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट असावे. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, ती कुणाची कृपा नाही. निधीने सगळ्यांची फी भरायला सुरुवात केली, तर उद्या सरकार म्हणेल की तुमचे तुम्ही बघताच आहात.

मग निधीने काय करायचे? उदाहरण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे घेऊ. २०२१ पासून या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. पैसे यायला उशीर होतो त्या काळात विद्यार्थ्याला बिनव्याजी तात्पुरती रक्कम द्यायची, शिष्यवृत्ती आली की ती परत घ्यायची. त्याचबरोबर अशा प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद ठेवायची: अर्ज कधी केला, महाविद्यालयाने तो पुढे कधी पाठवला, पैसे कधी आले. वर्षाअखेरीस पन्नास विद्यार्थ्यांची अशी नोंद हातात असेल, तर समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांसमोर बसताना कार्यकर्त्याकडे तक्रारीबरोबर पुरावाही असतो. क्लीव्हलँडच्या पाहण्यांचा अर्थ हाच होता.

याच पद्धतीने इतरही कामे होऊ शकतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ती कुठे खर्च झाली? अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासासाठी आलेल्या निधीतला रस्ता खरोखर आपल्या वस्तीत झाला की दुसऱ्या आळीत? वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या किती मुलांनी स्वाधार योजनेचा अर्ज भरला? माहिती अधिकाराचा अर्ज, झेरॉक्स, तालुक्याला जाण्यायेण्याचा खर्च आणि एका कार्यकर्त्याचे थोडे मानधन, एवढ्यावर हे काम चालते. यासाठी कोणतीही मोठी संस्था अनुदान देत नाही. समाजनिधी देऊ शकतो.

आणखी एक मुद्दा. रॉबर्ट पुटनम या राजकीय समाजशास्त्रज्ञाने सामाजिक भांडवलाचे दोन प्रकार सांगितले आहेत: आपल्या माणसांना घट्ट बांधणारे आणि वेगवेगळ्या समूहांमध्ये पूल बांधणारे. आपल्याकडे पहिले भरपूर आहे. निधीचे क्षेत्र तालुका असेल आणि त्याच्या यादीत मातंग, चर्मकार, भटके विमुक्त, मुस्लिम वस्तीतली मुलेही असतील, तर दुसरेही तयार होईल. बहुजन हिताय, बहुजन सुखाय या शब्दांचा रोजच्या व्यवहारातला अर्थ तो आहे.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. कार्यकर्त्यांना पुढील गोष्टी माहीत असाव्यात.

- नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर कलम ४१ सी खाली परवानगी घ्यावी लागते. जयंती मंडळांनाही हे लागू आहे.
- विश्वस्त बदलला, वारला किंवा त्याने राजीनामा दिला, तर ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करायचा असतो.
- ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.
- दरवर्षी लेखापरीक्षण करून अहवाल सादर करणे बंधनकारक आहे.

आयकराच्या बाबतीत आपल्या लोकांचा नेहमी एक गोंधळ होतो. विहाराचा ट्रस्ट धार्मिक असतो. त्याला उत्पन्नावरील करसवलत मिळू शकते, पण देणगीदाराला मिळणारी ८० जी ची सवलत सर्वसाधारणपणे मिळत नाही. एका विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठीच असलेल्या संस्थेलाही ८० जी मिळत नाही. मात्र अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग किंवा महिला व बालके यांच्या हितासाठी स्थापन झालेली संस्था यातून कायद्यानेच वगळली आहे. म्हणून घटनेत "फक्त बौद्धांसाठी" असे लिहिले तर अडचण येते. "अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्गीय, महिला व बालके" असे लिहिले तर येत नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश आहे, त्यामुळे आपली मुले त्यात येतातच. विहाराचा ट्रस्ट आणि समाजनिधी या दोन वेगळ्या संस्था ठेवणे यासाठीच शहाणपणाचे. ८० जी असलेल्या संस्थेला धार्मिक कामावर वार्षिक उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो, हेही लक्षात ठेवावे.

दोन हजारांवरील रोख देणगीवर ८० जी मिळत नाही. नवी कररचना निवडलेल्या नोकरदारालाही ही सवलत नाही, त्यामुळे केवळ कर वाचेल असे सांगून निधी उभा राहणार नाही. धर्मादाय संस्थेला नाव-पत्ता नसलेल्या देणग्या एका मर्यादेपलीकडे मिळाल्या, तर त्यांवर ३० टक्के कर लागतो. गुप्तदानाची पेटी ठेवताना हे ठाऊक हवे. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा घटना लिहिण्यापूर्वी सीएचा सल्ला घ्यावा.

कुठे बिघडते

काही वर्षांपूर्वी एका वस्तीत काम करताना विहाराच्या गळक्या छताचा विषय निघाला. वरच्या खोलीत मुलांची अभ्यासिका होती. बँकेत पैसे होते. पण कागदावरच्या सात विश्वस्तांपैकी चार जण वारले होते आणि बदल अर्ज कधीच दाखल झाला नव्हता. बँकेने सह्या मान्य केल्या नाहीत. उरलेल्या विश्वस्तांपैकी एक काका हताश होऊन म्हणाले, "पैसा समाजाचाच आहे गं, पण काढायचा कोणी?" पावसाळा तसाच गेला. अभ्यासिका बंद राहिली आणि त्या वर्षी दहावीला बसलेली मुले जिन्यात बसून अभ्यास करत होती. कुणी एक रुपया खाल्ला नव्हता. फक्त कागद करायचे राहून गेले होते.

मोठ्या पातळीवर हेच दिसते. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. कोणाची बाजू बरोबर, हा वाद इथे नको. पण ट्रस्ट कोणाचा, विश्वस्तांना कोणी निवडले, समाजाला विचारायचे कुठे, हे प्रश्न इमारत पडल्यानंतर विचारले गेले. ते आधी विचारण्याची जागाच नव्हती.

ट्रस्ट बिघडण्याची कारणे बहुतेक ठिकाणी सारखीच असतात: तहहयात विश्वस्त, एकाच कुटुंबातले पदाधिकारी, पक्षाच्या गटबाजीतून झालेल्या नेमणुका, महिलांना फक्त स्वागताचे काम आणि हिशोब मागणाऱ्याला समाजद्रोही ठरवणे. हिशोब मागणे हा अविश्वास नाही. आपण संस्थेला आपली मानतो याचा तो पुरावा आहे.

सुरुवात कशी करावी

समजा एका तालुक्यात १५० घरांनी महिना शंभर रुपये द्यायचे ठरवले. वर्षाला १,८०,००० रुपये होतात. सिगालोवाद सुत्ताप्रमाणे चौथा भाग, म्हणजे ४५,००० रुपये, मूळ निधीत टाकला, तर खर्चाला १,३५,००० उरतात. दहा हजारांची तात्पुरती मदत तेरा विद्यार्थ्यांना देता येते, आणि ती परत आली तर पुढच्या वर्षी तेच पैसे पुन्हा वापरता येतात. दहा वर्षांत मूळ निधी व्याज न धरताही साडेचार लाख होतो. आकडे लहान आहेत. पण जूनमध्ये फोन फिरवण्याची गरज संपवायला ते पुरेसे आहेत.

पहिल्या वर्षासाठी काही सूचना:

- आधी पाहणी करा. घरोघरी जाऊन शिकणारी मुले, शाळा सुटलेली मुले, आजारी माणसे, योजनांपासून वंचित असलेली कुटुंबे यांची यादी करा. पैसा नंतर मागा.
- निधी हाताळणारे आणि मदत कोणाला द्यायची हे ठरवणारे, असे दोन वेगळे गट ठेवा.
- विश्वस्तांची मुदत तीन वर्षे ठेवा, सलग दोनपेक्षा जास्त वेळा नको. निम्म्या जागा महिलांना. मदत घेऊन शिकलेल्या किमान एका तरुणाला मंडळात घ्या.
- निवडणूक लढवणारा उमेदवार त्या काळात पदावर नसावा.
- पैसे बँकेतून किंवा यूपीआयने घ्या. प्रत्येकाला पावती द्या, दहा रुपयांचीही.
- दर तीन महिन्यांनी हिशोबाचा एक कागद विहाराच्या फलकावर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. मदत घेणाऱ्या मुलांची नावे मात्र जाहीर करू नका, फक्त संख्या सांगा. फोटो काढून चेक देण्याची पद्धत बंद करा.
- नकार दिला तर कारण लेखी द्या आणि फेरविचाराची सोय ठेवा.
- धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास वार्षिक जाहीर सभा घ्या. देणारे, घेणारे आणि दोन्ही नसणारे, सगळ्यांना बोलू द्या.

जयंती मंडळाशी भांडण नको. मंडळाने जमलेल्या वर्गणीतला विसावा भाग निधीला द्यावा, एवढाच ठराव यंदाच्या बैठकीत मांडा. एक लाखाची वर्गणी जमली तर पाच हजार होतात. मिरवणुकीत काही कमी पडणार नाही.

या सगळ्यात सर्वांत अवघड काम पैसा जमवण्याचे नाही. शंभर रुपये देणारी ताई आणि दहा हजार देणारे साहेब एकाच सतरंजीवर बसून एकाच हिशोबावर प्रश्न विचारू शकतील, अशी सभा भरवणे आणि ती दरवर्षी भरवत राहणे अवघड आहे. लोकशाहीचा सराव संसदेत होण्याआधी वस्तीत व्हावा लागतो. तो सराव करायला आपल्या विहाराची एक संध्याकाळ आणि एक वही पुरते. पहिली सभा या वर्षावासातच घ्यायला हरकत नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.